रिकाम्या बाकाला शून्य

टचिंगवाल्या काकूंची अडतीस वर्षं फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत गेली. बारीक ब्रश, भिंग आणि एक दिवा, एवढाच संसार. कुणाचे मुरूम घालवायचे, कुणाचं टक्कल झाकायचं, आणि घटस्फोट झालाच तर लग्नाच्या फोटोतून अख्खे जावईबापू गायब करायचे. "काकूंनी पुसलेला माणूस पोलिसांनाही सापडायचा नाही," अशी थट्टा चालायची.

निवृत्तीनंतर हौशी फोटोग्राफर मंडळाने त्यांना स्पर्धेचं परीक्षक केलं. पण गेली दोन वर्षं त्यांचे गुण बाकीच्यांशी जुळेनात. "काकू, वयाबरोबर नजरही दमते हो," अध्यक्षांनी गोड बोलून सुनावलं होतं. ते शब्द काकूंच्या जिव्हारी लागले. नजरच गेली, तर त्यांच्याकडे उरायचं काय?

यंदा तेविसावा फोटो पडद्यावर आला. दवाखान्याचा व्हरांडा, फिकट भिंत, लाकडी बाक. चिटपाखरू नाही. परीक्षक वकीलसाहेबांनी नऊ गुण दिले, कलाशिक्षिका बाईंनी दहा. काकूंनी शून्य.

"शून्य? अहो, काय शांतता आहे त्यात!" बाई म्हणाल्या.

"शांतता कसली? माणूस पुसलाय. नियमात बसत नाही."

"कुठाय माणूस?"

"बाकाच्या उजवीकडे बघा. भिंत तेवढीच जास्त स्वच्छ आहे. लहान पोरगा आहे."

वकील हसले. "काकू, माझे साक्षीदार निदान दिसतात तरी!"

गुणांत एवढी तफावत आली की कॅमेऱ्यातला मूळ फोटो तपासायचा, असा मंडळाचा नियम. कार्ड मागवलं. इंच इंच मोठा करून सगळ्यांनी पाहिलं. कुणीही काहीही पुसलेलं नव्हतं. काकूंना मात्र त्यात पोरगा आणखीच ठळक दिसला. अंगावर सर्रकन काटा आला. त्यांनी चष्मा काढून पिशवीत ठेवला.

त्यांचे गुण बाद झाले. तेविसावा पहिला आला. "पुढच्या वर्षी आराम करा," अध्यक्ष म्हणाले, तेही हात जोडून.

काकू चपला घालत होत्या, तेवढ्यात एक बाई जवळ आली. हातात नुकताच मिळालेला करंडक, तोही उलटा धरलेला.

"शून्य तुम्ही दिलंत ना, काकू?"

"रागावू नकोस, बाळ. म्हातारीची नजर."

"रागावू कशाला? चार वर्षं हाच बाक काढून स्पर्धांना पाठवतेय. सगळे म्हणतात, वा, काय रिकामा आहे! बक्षीस हवं होतं कुणाला? मला एकटीलाच दिसतो, की आणखी कुणाला, एवढंच बघायचं होतं." तिने करंडक खाली ठेवला. "माझा मुलगा आहे तो. त्या बाकावर शेवटचा बसला होता."

काकूंनी तिचा हात घट्ट धरला. म्हणजे नजर शाबूत होती. पण सुटल्यासारखं काही वाटेना.

"निळा शर्ट ना गं?"

तिने मान हलवली. डोळे भरून आले होते, पण ती हसली. "आणि पाय हलवत बसलाय. जमिनीला पोचायचेच नाहीत ना त्याचे."

काकूंचा हात सैल झाला. "बसलाय? अगं, मला तर तो उभा दिसला. बाक सोडून दोन पावलं पुढे."

बाईचं हसू मावळलं. दोघींच्या पाठीमागे हॉलमध्ये विजेता फोटो अजून पडद्यावर होता. आधी कुणी वळायचं, हे दोघींनाही ठरवता येईना.