वाऱ्याची धास्ती

हिवाळा आला की माझ्या बायकोचा दमा उठतो. आमच्या धुळ्या-जळगावची थंडी म्हणजे हाडात शिरणारी. ती पलंगावर बसून श्वास ओढत असते आणि मी नुसता तिच्या पाठीमागे उशा रचत असतो. म्हणून यंदा एक जुना टेम्पो घेतला, आत पलंग, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवली आणि दिवाळी उरकून आम्ही दोघं गुजरातच्या समुद्रकाठी जाऊन राहिलो. चोपड्याजवळची केळीबाग धाकट्या भावावर सोपवली.

तिथं तिचा खोकला थांबला. गाढ झोपायची, चक्क घोरायची. झोप उडाली ती माझी. वारा म्हणजे काय ते केळी लावणाऱ्याला विचारा! एका वावटळीत वर्षभराची बाग आडवी झालेली मी पाहिलीय. समुद्राची झुळूक लोकांना सुखाची वाटे, मला मात्र घड पडल्याचा आवाज येई. घडोघडी भावाला फोन लावायचो.

"भाऊ, बाग बठ्ठी उभी शे, एकबी केळ पडनी नही," तो वैतागून सांगायचा.

मग वादळाचा इशारा आला. मी काय करावं? घडानं वाकलेल्या केळीला ताण देतात तशी गाडी दोरांनी सुरूच्या झाडांना करकचून बांधली. किनाऱ्यावरच्या वस्तीतली माणसं पोट धरून हसली. अहो, वादळात आधी झाडंच पडतात! त्यांनीच आम्हाला गाडीसकट आतल्या गावातल्या शाळेच्या आवारात नेलं. वादळानं वाट बदलली, नुसता पाऊस पडून गेला. आम्ही परत किनाऱ्यावर आलो, पण माझं चित्त काही थाऱ्यावर येईना. जेवताना उठायचो, आभाळ बघायचो, पुन्हा ताटावर बसायचो. ती सगळं बघत होती. एका सकाळी तिनं मुकाट्यानं भांडी बांधली.

"चाला घर. तुम्हना जीव तठेच शे."

मी खोटं खोटं 'नको'सुद्धा म्हटलं नाही. गाडी अशी हाणली की दुपारपर्यंत नवापूर मागं पडलं. मी शीळ घालत होतो. कोंडाईबारीच्या घाटात हवा गार झाली. तिनं काच वर केली, शाल ओढली आणि खोकली. पुढच्या वळणावर पुन्हा. मग मला ऐकू येऊ नये म्हणून तिनं तोंडावर पदर दाबून धरला.

माझी शीळ बंद झाली. स्वतःचा असा राग आला की दात-ओठ खाल्ले.

"काही नही व्हत. चाला तुम्ही," ती म्हणाली.

घाट संपल्यावर एका ढाब्यापुढं जागा मिळाली, तिथं मी गाडी माघारी समुद्राकडं वळवली. ती रागावलीच.

"आन आते परत वारं सुटनं तर?"

"सुटू दे. तुले झोप तं लागी ना."

घाट उतरताना तिनं तोंडावरचा पदर काढला आणि मोकळं खोकली.