गोळीचं सोवळं

माझे केस गेले नाहीत, ही पहिली अडचण झाली. कॅन्सर म्हटलं की लोकांना डोक्याला रुमाल बांधलेली बाई दिसायला हवी असते. मी आपली नेहमीसारखी वेणी घालून, हातात भाजीची पिशवी घेऊन लिफ्टमध्ये उभी. गाझियाबादच्या आमच्या सोसायटीत कोणाला संशय यायचं कारणच नव्हतं. आतड्याची शस्त्रक्रिया झाली तेव्हा मी "पोटाचं ऑपरेशन" एवढंच सांगितलं होतं. "पथरी थी क्या?" असं विचारून लोक स्वतःच मान डोलवायचे. मीही डोलवायचे.

पुढची केमो गोळ्यांची होती. दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ घ्यायच्या, एक आठवडा सुट्टी, की पुन्हा सुरू. सुई नाही, सलाइन नाही. "आप तो लकी हैं," हॉस्पिटलातल्या औषधांच्या खिडकीमागची मुलगी म्हणाली, आणि मग त्या लकीपणाचे नियम तिने समजावून सांगितले. जेवण झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत, पाण्याबरोबर, अख्खी गिळायची. तोडायची नाही, कुटायची नाही. एखादी वेळ चुकली तर चुकली, पुढच्या वेळी दुप्पट घ्यायची नाही. ताप आला, जुलाब लागले, तोंड आलं, तळहात-तळपाय लाल झाले तर लगेच फोन करायचा. उरलेल्या गोळ्या कचऱ्यात टाकायच्या नाहीत, परत आणून द्यायच्या. दुसऱ्या कोणी त्या उघड्या हाताने हाताळायच्या नाहीत, आणि गरोदर बाईने तर मुळीच हात लावायचा नाही. "घर में है कोई ऐसी?" तिने विचारलं. "घर में तो मैं ही हूँ," मी म्हटलं. ती हसली, मी नाही हसले.

कारण माझी मुलगी गरोदर होती. ती वाढली इथेच, नोकरीला मात्र पुण्याला गेली आणि तिथेच लग्न करून राहिली. आम्ही नवरा-बायको ज्या पुण्यातून पोटापाण्यासाठी इकडे आलो होतो, तिथे ती पोटापाण्यासाठीच परत गेली. माझ्या ऑपरेशनच्या वेळी तिला तिसरा महिना होता. आली, राहिली. सकाळी मी पलंगावर कण्हायची आणि ती बाथरूममध्ये ओकायची, असा आम्हा मायलेकींचा जोडकार्यक्रम चालायचा. तेव्हाच ठरलं होतं की पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी, म्हणजे माझ्याकडे. सातवा लागला की ती यायची होती. तिच्या सासूबाईंनी डिंकाचे लाडू पाठवायचंही कबूल केलं होतं. मला ती हवी होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, घरात माझ्याशिवाय कोणी बोलत नव्हतं, आणि या सगळ्या प्रकरणातून पार पडायचं ते तिच्या येण्याकडे डोळे लावून, एवढा साधा माझा हिशेब होता.

पण मी जन्मभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलं आहे, आणि ही सवय माणसाला सुखाने बसू देत नाही. पहिली गोळी गिळली त्या दिवशीच डोकं चालू झालं. गोळीला गरोदर बाईने हात लावायचा नाही. ठीक. आता गोळी कुठे आहे? माझ्या पोटात. तिथून रक्तात, रक्तातून घामात, श्वासात, तळहातांत. म्हणजे दूर ठेवायची वस्तू कोण, तर मीच. इतकं सरळ होतं ते. कोणाला विचारावंसं वाटलं नाही. सिद्धता पूर्ण झाल्यावर विचारायचं काय?

मग मी सुरू झाले. गोळी पाकिटातून थेट छोट्या वाटीत, वाटीतून तोंडात, नंतर साबणाने हात. ती वाटी वेगळी. इथवर शहाणपण होतं. संडासाचं झाकण बंद करून दोनदा पाणी सोडायचं, तेही सांगितलेलंच होतं. पुढे मात्र माझं ताट वेगळं झालं, पेला वेगळा झाला. टॉवेल, चादरी वेगळ्या धुवायच्या, वेगळ्या दोरीवर वाळत घालायच्या. कामवालीला मी रजा दिली, पगार चालू ठेवून. तिला वाटलं तिचं काम आवडलं नाही. दाराच्या कडीला हात लागला की कडी पुसायची. पाहुण्यांच्या खुर्चीवर बसायचं नाही. पाहुणे येत नव्हते, तरी नाही.

हे मी कुठे पाहिलं होतं ते मला चांगलं आठवत होतं. माझ्या सासूबाई शेवटची काही वर्षं आमच्याजवळ राहिल्या. गाझियाबादच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये त्यांनी सोवळं चालवलं होतं. सोवळ्याचं लुगडं बाल्कनीत काठीने वाळत घालायचं, कोणाचा पदर लागला की पुन्हा धुवायचं. स्वयंपाक होईपर्यंत नातीने जवळ यायचं नाही. पोर धावत आली की "शिवू नकोस गं!" मी चिडायची. एकदा तर तावातावाने म्हटलं होतं की या घरात माणसापेक्षा लुगड्याला मान आहे. आता मी स्वतःच ओल्या चादरीला कोणी शिवू नये म्हणून दोरी उंच बांधत होते. त्यांचं सोवळं निदान देवासाठी होतं, माझं विषासाठी.

शेजारच्या दारात एक भाभीजी राहतात, मूळच्या मेरठच्या. ऑपरेशनपासून त्या अधूनमधून डबा आणायच्या. कढी-चावल, राजमा, एकदा गिलोयचा, म्हणजे गुळवेलीचा, काढा. काढा मी घेतला नाही, कारण डॉक्टरांना विचारल्याशिवाय असलं काही घ्यायचं नव्हतं. ते बरोबरच होतं. पण डबासुद्धा मी हातात घेईना. दारातच माझं ताट पुढे करायची आणि म्हणायची, "इसमें डाल दीजिए ना, बर्तन मत छोड़िए." पोटाच्या ऑपरेशनची बाई डब्याला हात लावत नाही, याचा त्यांनी लावायचा तोच अर्थ लावला.

"दीदी, हमारे बर्तन से परहेज है क्या?" एक दिवस त्यांनी विचारलं. "आप लोगों में होता होगा."

मी खरं सांगायला हवं होतं. पण ते सांगायचं तर कॅन्सरपासून सांगायला लागलं असतं, आणि मग सगळ्या टॉवरला कळलं असतं. मी म्हटलं, "नहीं नहीं, ऐसा कुछ नहीं." त्या "अच्छा" म्हणाल्या. त्यानंतर डबा आला नाही, आणि मला त्यांचा राग आला. चूक माझी आणि राग त्यांच्यावर, हे मला जमतं.

एकटीसाठी स्वयंपाक करण्याइतकं कंटाळवाणं काही नाही. नवरा गेल्यापासून रात्रीचं माझं चहा-खारीवर भागायचं. आता भरल्या पोटाशिवाय गोळी चालत नव्हती, म्हणून रोज दोन वेळा कुकर लागायचा. मी माझ्यासाठी कधी केला नसता इतका वरण-भात त्या गोळीसाठी केला. ताटासमोर बसायची तेव्हा समोरच्या भिंतीकडे बघत जेवायची. बाहेर लिफ्टचं दार उघडलं, मिटलं, की कोणाचं घर भरलं ते मोजायची.

मुलीचा फोन रोज यायचा. येऊ नकोस म्हणण्याचं खरं कारण मी तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, "मी काळजी घेईन ना यार," आणि पुढच्या विमानाने येऊन उभी राहिली असती. तिचा हट्टीपणा माझ्याकडूनच गेला आहे. म्हणून मी दिल्लीच्या हवेला पुढे केलं. ते कारण इथे कोणालाही पटतं.

"अगं, खिडकी उघडता येत नाही इथे. पोटातल्या जिवाला घेऊन या धुरात येतेस? वेडी आहेस का?"

"आई, मी मास्क घालीन. एअर प्युरिफायर घेऊया."

"नको म्हटलं ना."

दिवाळीला यायचं म्हणाली, मी नको म्हटलं. दिवाळी झाल्यावर म्हणाली, तेव्हाही नको. एकदा ती रडवेली होऊन म्हणाली, "तुला मी आता आवडत नाही का?" मी "काहीतरीच बोलू नकोस" म्हणून फोन ठेवला. मग पलंगाच्या कडेला बसून मोठ्याने रडले. घर रिकामं असण्याचा हा एक फायदा आहे, तोंडात पदर कोंबावा लागत नाही.

सातवा लागला. डोहाळजेवण तिच्या सासरीच झालं. मी व्हिडिओवर हजर होते. हिरवी साडी, फुलांचे दागिने, मधे माझी मुलगी, आणि सगळ्या बायका तिची ओटी भरत होत्या. कोणीतरी फोन टेबलावर बरणीला टेकवून ठेवला होता, त्यामुळे मला बराच वेळ फक्त पंखा दिसत होता. "आईंना दिसतंय का?" असं कोणी तरी विचारलं आणि उत्तर न ऐकताच गेलं. मी म्हटलं, "दिसतंय, दिसतंय."

त्याच सुमारास माझे तळहात भाजल्यासारखे व्हायला लागले. चहाचा कप धरवेना. तळपायांची कातडी लाल होऊन सोलवटली. मी मनाशी म्हटलं, थंडी आहे, दिल्लीच्या थंडीत कोणाचे पाय फुटत नाहीत? फोन करायला सांगितलेलं असूनही केला नाही. एवढ्या-तेवढ्यासाठी कुठे फोन करायचा, असं वाटलं.

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी रक्ताचे रिपोर्ट पाहिले आणि विचारलं, "हाथ-पैर?" मी टेबलापलीकडून लांबूनच तळवे दाखवले. त्या उठल्या, वळसा घालून माझ्याजवळ आल्या आणि त्यांनी हातमोजे न घालता माझा हात हातात घेतला.

मी झटक्यात ओढून घेतला. "मत छूइए!"

"क्यों? बहुत दर्द है?"

"नहीं. मैं गोली खाती हूँ ना."

त्या स्टूल ओढून समोर बसल्या आणि त्यांनी माझे दोन्ही हात पुन्हा घेतले, या वेळी घट्ट. "गोली को छूना मना है. आपको छूना किसने मना किया?"

मी माझी सिद्धता मांडली. घाम, श्वास, तळहात, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. उलटी, लघवी वगैरे साफ करायची वेळ आली तर दुसऱ्याने हातमोजे घालावेत, ते कपडे वेगळे धुवावेत, बाथरूमचं मी पाळते ते ठीकच आहे, असं त्या म्हणाल्या. बाकी जेवण एकत्र, बसणं एकत्र, गळ्यात पडणं, सगळं चालतं.

"मेरी बेटी प्रेग्नेंट है," मी म्हटलं.

"तो? गोलियाँ वो न छुए, बस. आपके पास सोए, आपसे लिपटे, कोई दिक्कत नहीं. आपने पूछा क्यों नहीं?"

हातांबद्दल फोन केला नाही म्हणून त्या रागावल्या, गोळ्या काही दिवस थांबवल्या, पुढचा डोस कमी करू म्हणाल्या, मलम लिहून दिलं. मी मान डोलवत होते. माझं लक्ष माझ्या हातांकडे होतं. ऑगस्टात मुलीने विमानतळावर जाताना मिठी मारली होती, त्यानंतर मला कोणी हात लावलेला नव्हता.

बाहेर कॉरिडॉरमध्ये येऊन मी भिंतीला टेकून फोन लावला. पहिलंच वाक्य म्हटलं, "तू ये." मग एका दमात सगळं सांगितलं. गोळी, माझी अक्कल, भाभीजींचा डबा, धुराचं कारण, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते. "तिकीट काढ. उद्याचं काढ. मी घर झाडून ठेवते."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"आई," ती म्हणाली, "परवा सोनोग्राफी झाली. प्लॅसेंटा, म्हणजे वार, खाली आहे म्हणे. मधे थोडं ब्लीडिंगपण झालं. प्रवास बिल्कुल बंद सांगितलाय. डिलिव्हरी इथेच."

"मला सांगितलं नाहीस?"

"तू तसंही येऊ नको म्हणत होतीस."

माझी केमो संपायला अजून बरेच दिवस होते, तोवर इथल्या तपासण्या सोडून मला पुण्याला जाता येणार नव्हतं, आणि तिचे दिवस थोडे उरले होते. हे आम्हा दोघींना एकाच वेळी कळलं असावं. शेजारी एक बाई नवऱ्याला रिपोर्ट वाचून दाखवत होती. फोनवर माझी मुलगी रडत होती, ते नाक ओढण्यावरून कळत होतं.

"आई, मला वाटलं तू माझ्यावर चिडलीस."

"नाही गं बाळा. मला तू हवी होतीस. रोज हवी होतीस."

मग मी म्हटलं, "पोटावर हात ठेव."

"का?"

"ठेव. माझा आहे असं समज."

मागून कोणीतरी स्ट्रेचर ढकलत आलं आणि म्हणालं, "आंटीजी, जरा साइड." मी बाजूला सरकले, फोन कानाला घट्ट धरून.

"ठेवला," ती म्हणाली.