मालनबाई आणि लाल शाईची पुस्तकं

तातेराव आणि मालनबाईचं भांडण मी पहिल्यांदा ऐकलं ते काही भिंतीला कान लावून नाही. आमची मधली भिंतच तशी होती, पलीकडं कुणी शिंकलं तरी अलीकडं कळायचं. मी नवी नवरी, टेंभुर्णीत येऊन महिना झाला नसेल. पलीकडं माझे थोरले दीर तातेराव आणि जाऊ मालनबाई राहायचे.

"घोडा खोटा हाय," दीर म्हणत होते. "बिलकुल खोटा. सांजच्याला देवगिरीहून निघतो, जालन्याला निरोप देतो आणि जेवणाच्या टायमाला माघारी. कोणतं घोडं पळतं एवढं? टांग्याचं घोडं बदनापूरलाच बसलं असतं."

"घोडा खोटा असंल," मालनबाई म्हणाल्या. "त्याच्यावरचं पोरगं तर कड्याला लोंबकळून राह्यलंय ना. त्याला तसंच सोडून पुस्तक वापस कसं केलं?"

"वापस करायची तारीख झाल्ती."

"मंग आधी त्याला वर तर काढायचं व्हतं."

मी घाबरून आमच्या मालकाला विचारलं, कुणाचं पोरगं लोंबकळलंय. ते म्हणाले, पुस्तकातलं आहे, तू भाकरी थाप. ज्या घरात शेळीसुद्धा नव्हती त्या घरात घोड्यावरून एवढं भांडण, की दीर त्या दिवशी आमच्याकडं जेवले.

दुसऱ्या दिवशी मालनबाई पदर खोचून स्वतःच वाचनालयात गेल्या. तोवर तिथं बाई म्हणजे झाडायला जायची. या गेल्या त्या पुस्तक घेऊनच आल्या, आणि ओट्यावर सगळ्यांच्या समोर बसून त्या पोराला कड्यावरून वर काढलं. तेव्हापासून बाजाराच्या दिवशी एक पुस्तक द्यायचं आणि एक आणायचं, हे त्यांनी सोडलं नाही.

मालनबाई चौथी पास होत्या. मी दुसरीतून उठले. हे त्यांनी मला जन्मभर विसरू दिलं नाही. माणूस म्हणून त्या गोड होत्या असं मी लिहिलं तर गाव मला हसेल. भाजीवाला त्यांना बघून पाटी उचलायचा. माझ्या वरणाला त्यांनी एकदाही बरं म्हटलं नाही. मीही त्यांच्या पायाला हात लावला तो फक्त लग्नाकार्यात, लोक बघत असले तर.

पुस्तकं त्या एकाच जातीची वाचायच्या. पोरांसाठी लिहिलेली, यादवांच्या काळातल्या सुभान नावाच्या पोरसवदा शिलेदाराची. ओळीनं पुस्तकं होती, कपाटाचा अख्खा खण. प्रत्येकात भुयार, वेश पालटलेला हेर, आणि शेवटी सुभान राजाला वाचवणार. त्यांचा पोरगा राजानंद जालन्याला मास्तर झाला, तो सुट्टीत आला की चिडायचा.

"आई, ह्या पुस्तकात आपली माणसं हायत का कुठं? नुसती मशाल धरायला ठेवलीत."

"मशालवाल्यानं फुंकर मारली तर राजा पायऱ्यावरून पडंल," मालनबाई म्हणाल्या. "वाचू दे मला."

पण त्याचं बोलणं त्यांच्या डोक्यात बसलं होतं. पुढं त्या मोठ्यानं वाचायला लागल्या तेव्हा मशालवाल्याला नाव असायचं, बायको असायची, आणि राजाला तो एखादं तिखट वाक्य सुनवायचा. हे छापलेलं नव्हतं. सुनवायची तऱ्हा मालनबाईंचीच होती, ते आम्हाला ऐकूनच कळायचं.

मोठ्यानं वाचायचं कारण चिंचा. होळीच्या आगेमागे आमच्या आळीत व्यापाऱ्याची पोती येतात. बायका पडवीत बसून चिंचा फोडतात, टरफल एकीकडं, चिंचोके एकीकडं, गर टोपलीत. गर वजनावर जातो. त्यात आमच्याकडं एक रीत पडलेली आहे. जी बाई गाणं म्हणेल किंवा वाचून दाखवेल तिचे हात थांबतात, म्हणून बाकीच्यांनी तिच्या टोपलीत आपल्यातला मूठमूठ गर टाकायचा. कुणी सांगायचं नाही, कुणी मागायचा नाही. आवडलं तर मूठ मोठी, नाही तर चिमूट.

दीर गेले, त्यानंतर मालनबाईंची बोटं वाकडी झाली. सांधे सुजायचे. चिंच धरली तर हातातून निसटायची. त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही. एक दिवस टोपली बाजूला सारली आणि पुस्तक उघडलं. आम्हाला वाटलं, तोरा आहे. मी शेजारी बसायचे म्हणून मला बोटं दिसली. वाचलं तरच त्यांची टोपली भरायची, आणि टोपली भरली तरच पडवीतली त्यांची जागा त्यांची राहणार होती. पोराच्या घरी जालन्याला जाऊन खोलीत बसून राहायला त्या मरणाला भ्यायच्या नाहीत एवढ्या भ्यायच्या.

अशातच वाचनालय भुजंग सरांच्या ताब्यात आलं. सर इतिहासाचे मास्तर, नुकतेच रिटायर झालेले. त्यांची नात प्रियदर्शनी आमच्यात येऊन बसायची. तिनं परीक्षेत लिहिलं, यादवांचे सैनिक मिरचीचा ठेचा आणि भाकरी खात. मार्क गेले. सरांच्या घरात इतिहासाचे मार्क जाणं म्हणजे सोनाराच्या घरी पितळ सापडणं. सरांनी विचारलं, कुठं वाचलंस. तिनं आमची पडवी दाखवली.

पुढच्या बाजारी मालनबाई वाचनालयात गेल्या, त्यांच्यामागं भाजीची पिशवी घेऊन मी. टेबलावर सुभानच्या पुस्तकांचा सुतळीनं बांधलेला गठ्ठा होता.

"हे रद्दीत चाललंय," सर म्हणाले.

"कशापायी?"

"मालनबाई, मिरची आपल्याकडं पोर्तुगीजांनी आणली. यादव संपले त्याच्यानंतर दोनशे वर्षांनी. बटाटा नव्हता, तंबाखू नव्हती. ह्या पुस्तकात किल्ल्यावरून दुर्बीण लावून बघतायत. शिलेदार हा शब्दसुद्धा नंतरचा. पानोपानी खोटं आहे."

"मला ठाऊक हाय."

ह्या उत्तराची तयारी सरांनी केलेली नव्हती.

"ठाऊक आहे तर वाचता कशाला?"

"आमचे मालक त्याच्यातला घोडा खोटा हाय म्हणून माझ्याशी भांडले, तवापासून ठाऊक हाय. मला काय पेपर द्यायचाय त्याच्यावर? पोरगं भुयारात अडकलंय आणि तुम्ही मला बटाटा सांगून राह्यलात."

"पोरांची डोकी नासतात."

"तुमच्या नातीला तुम्ही शिकवा. इतिहासाचे सर घरात असून तिला माझ्याकडून शिकायला लागतंय, तर दोष कोणाचा?"

सर लालबुंद झाले. म्हणाले, "अडाणी माणसाशी मी बोलत नाही." मालनबाई म्हणाल्या, "नका बोलू," आणि त्या गठ्ठ्यावर बसल्या. अक्षरशः बसल्या, नऊवारी आवरून, पाय हलवत. रद्दीवाला काटा घेऊन दारात उभा. सर त्याला म्हणाले उचल, तो म्हणाला, कोणाला, बाईला का पुस्तकाला. मी बाहेर जाऊन भिंतीआड हसून घेतलं. समोर हसले असते तर दोघांनी मलाच धरलं असतं.

शेवटी सरपंचाला, म्हणजे आमच्या कल्याणला, बोलवावं लागलं. त्याला दोन्हीकडची मतं हवी होती. त्यानं तोडगा काढला तो दोघांनाही आवडणार नाही असा. पुस्तकं राहतील, पण सरांनी प्रत्येक पुस्तकात चुकीच्या जागी लाल शाईनं बरोबर काय ते लिहायचं, तोवर पुस्तक कोणाला द्यायचं नाही.

"पुस्तकं नासवायचा धंदा हाय हा," मालनबाई म्हणाल्या.

"माझा वेळ नासवायचा आहे," सर म्हणाले.

आठवड्याभरात पहिलं पुस्तक लाल होऊन आलं. मालनबाईंनी पडवीत उघडलं आणि त्यांचं तोंड आंबलं, चिंचेनं नव्हे. त्यांच्या स्वच्छ पानांवर सरांचं बारीक, सरळ अक्षर. दुसरं पुस्तक नव्हतं. समोर चिंचा, रिकामी टोपली. आमच्यातली पुष्पाबाई म्हणाली, "वाचा ना, मालनबाई, न्हाई तर मी मोबाईलवर सिरीयल लावते." हे फार लागलं त्यांना. सगळ्यांसमोर सरांची फजिती करायची म्हणून त्यांनी सरांचं लालही मोठ्यानं वाचायला घेतलं, सरांसारखं नाक वर करून.

"सुभाननं बुरुजावर बसून भाकरीवर मिरचीचा ठेचा घेतला. सर म्हणतात, चूक, मिरची तेव्हा नव्हती."

"मंग कशासंग खाल्ली भाकर?" पुष्पाबाईनं विचारलं.

मालनबाईंनी पान जवळ धरलं. "सर म्हणतात, मिरे, आलं, मोहरी."

"मिरे परवडायचे का त्या टायमाला पहारेकऱ्याला?"

"ते लिहिलं न्हाई."

"कोरडीच खाल्ली असंल बिचाऱ्यानं," केशरबाई म्हणाली. ती कधी बोलायची नाही.

मग सुभान झाडावर चढून दुर्बीण लावतो. सर म्हणतात, चूक, दुर्बीण तीनशे वर्षांनी. पुष्पाबाई म्हणाली, मंग त्याला शत्रू दिसलाच कसा. कुणी म्हणालं, धुळीवरून. कुणी म्हणालं, पोराचे डोळे चांगले असतील. सुभान बटाट्याच्या पोत्याआड लपला तिथं तर चिंचा हातातच राहिल्या. बटाटा नव्हता तर पोरगं कशाआड लपलं? उघड्यावरच राहिलं की. आता धरलं जातंय का काय. सरांनी एवढ्या बटाट्यावर काट मारली आणि पोरगं उघडं पाडलं. दिवसभर पुस्तकाची चारच पानं झाली, आणि मालनबाईंची टोपली शिगोशीग भरली. दुसऱ्या दिवशी बायका नीट बसायच्या आधी विचारायच्या, सर काय म्हणतात.

हे सरांच्या कानावर गेलं. ते पडवीच्या पायरीशी येऊन उभे राहिले, आत आले नाहीत.

"माझ्या अभ्यासाचा तमाशा चालवलाय तुम्ही."

"तुम्हीच लिहिलंय, मी नुसतं वाचून राह्यले," मालनबाई म्हणाल्या.

"परवा मशालवाल्याच्या तोंडी जे बोलणं घातलंत ते कोणत्या पानावर आहे?"

"त्याच्यावर लाल करा, मंग सांगते."

सर म्हणाले, पुढचं पुस्तक मी लाल करणार नाही, जसं आहे तसं न्या. मालनबाईंनी नेलंही. पडवीत उघडलं तर लाल शाईचा ठिपका नाही. वाचायला लागल्या. एक प्रकरण झालं, मुठी पडल्या त्या अर्ध्या. बायकांना आता सुभान एकटा पुरेनासा झाला होता. पुष्पाबाई म्हणाली, "ह्या पुस्तकात तोफ उडवली, सर काहीच कसे म्हणाले न्हाईत? आजारी हायत का?"

त्या बाजारी मालनबाई माझ्यासमोर वाचनालयात गेल्या आणि पुस्तक टेबलावर टाकलं.

"ह्याच्यात पान चाळीसला तोफ हाय. तुम्ही तशीच सोडली. गावातल्या बाया म्हणून राह्यल्यात, सरांना तोफ ठाऊक न्हाई."

सरांनी चष्मा लावला. पान चाळीस काढलं. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. माणसाच्या पायात काटा असेल आणि चारचौघात काढता येत नसेल, तसं तोंड. शेवटी त्यांनी खिशातून पेन काढला.

त्यानंतर तीन चिंचा गेल्या, म्हणजे तीन वर्षं. दोघं एकमेकांना कधी बरं बोलले नाहीत. सर पुढं पुढं लांब लांब लिहायला लागले, कोणतं पीक कुठून आलं, यादवांच्या वेळचे लोक काय नेसत. बायका म्हणायच्या, आता सुभान थांबला तरी चालंल. मालनबाईंना हेही सोसायचं नाही. त्या सरांचं लाल मुद्दाम भराभर वाचायच्या आणि सुभानला ठासून.

मालनबाई यंदा होळीनंतरच्या आठवड्यात झोपेतच गेल्या. राजानंद आला, भिक्खूंनी त्रिसरण म्हटलं, सगळं रीतीनं झालं. भुजंग सर आले होते. बाहेरच उभे राहिले.

त्याच्या आधीचा बाजार मला आठवतो. ऊन कडक होतं. मी म्हटलं, बाई, आज राहू द्या, मी देऊन येते पुस्तक. त्या म्हणाल्या, "धाकले, दुसरीपर्यंत शिकलेल्या माणसाकडं सर नीट लक्ष देत न्हाईत." म्हणून मी भाजीची पिशवी घेऊन मागं, त्या पुढं.

वाचनालयात सर पेपर वाचत होते. त्यांनी मान वर केली नाही. मालनबाईंनी वाचून झालेलं पुस्तक टेबलावर ठेवलं, कपाटाकडं गेल्या, वाकड्या बोटांनी खणातलं पुढचं ओढून काढलं आणि ते उघडून सरांच्या पेपरावरच ठेवलं.

"हे करून ठेवा. जल्दी करा, पोती संपायला आलीत."

"मी तुमचा गडी नाही."

"ह्याच्यात सुभान चहा पितो. आधीच सांगून ठेवते."

सरांनी पुस्तक बाजूला सारलं, पण बंद केलं नाही. आधीचं लाल करून झालेलं पुस्तक त्यांनी टेबलाच्या खणातून काढून पुढं ढकललं. मालनबाईंनी ते उघडून दोन पानं चाळली, सरांचं लाल किती आहे ते बघितलं, आणि पदराआड धरलं. पायऱ्या उतरताना त्या भिंत धरून थांबल्या आणि आत वळून म्हणाल्या, "शाई फिकी पडून राह्यली, सर. नवा पेन घ्या." मग आम्ही मेथी घ्यायला बाजाराकडं गेलो.