पहिला मासा कोणाच्या दारात?

हर्शेल कीलला मी एकतीस वर्षं ओळखते आणि त्यातली निम्मी तरी त्याच्याशी भांडण्यात गेली. माझं आमिषाचं दुकान टेक्सोमा धरणाच्या काठावर आहे, बोटी पाण्यात सोडतात त्या उताराला अगदी लागून. पहाटे साडेपाचला दार उघडावं, तर हा पायरीवर उभा. पहिला घोट घेतला की म्हणायचा, "कॉफी पातळ आहे, वांडा."

"मग घरी पीत जा की. ओलीटा काय हाकलून देते?"

"घरची चांगली असते. ती पिऊन निघालो तर पाण्यावर जावंसंच वाटत नाही."

ओलीटा म्हणजे त्याची बायको. बाकी त्याचं सगळं आयुष्य त्या पाण्यावरच गेलं. डॅलसहून, ओक्लाहोमा सिटीहून लोक येत आणि हर्शेल त्यांना बोटीत घालून स्ट्रायपर गरवायला नेई. अंगावर काळे पट्टे असलेला हा मासा मूळचा समुद्राचा, पण आमच्या धरणाच्या गोड्या पाण्यात तो असा रुळला की त्याच्यावर गावाची चूल पेटते. इतरांच्या बोटींवर पाण्याखालचे मासे दाखवणारे दोन-दोन स्क्रीन असतात. हर्शेलकडे होता केरसुणीचा एक वाकडा दांडा. पाण्यात मधोमध बोट थांबवायची, आमिष खाली सोडायचं आणि त्या दांड्याने बोटीच्या तळावर ठोकायचं. ठक ठक, थोडं थांबायचं, पुन्हा ठक. खालच्या स्ट्रायपरला वाटतं की वर कुणीतरी जेवायला बसलंय, आणि तो चौकशीला येतो. ठोकतात तसे इथे सगळेच. बॅटरीवर ठोकणारी यंत्रंही निघालीत, माझ्याच दुकानात टांगलेली आहेत. पण हर्शेल ठोकायला लागला की आजूबाजूच्या बोटी हळूच त्याच्या जवळ सरकायच्या. तो त्यांना शिव्या घालायचा, पण हाकलायचा नाही.

त्याच्या घरात वडिलांपासून चालत आलेली एक रीत होती. उघड्या फांद्यांवर रेडबडची गुलाबी फुलं आली की इथला वसंत सुरू होतो. त्या फुलांनंतर हर्शेलच्या गरीला लागलेला पहिला स्ट्रायपर त्याने कधी स्वतः खाल्ला नाही. ज्या घराचा हिवाळा सगळ्यात वाईट गेला असेल, त्या घराच्या दारात तो ठेवून यायचा. मासा साफ केलेला, बाजूचं उग्र लाल मांस काढलेलं, खाली बर्फ. कुणाच्या नजरेला पडायचं नाही आणि नंतर त्याबद्दल एक अक्षरही बोलायचं नाही. गावात अर्थात सगळ्यांना सगळं ठाऊक असायचं. घरोघरी हळू आवाजात पैजा लागायच्या की यंदा कोणाचं दार.

एका वर्षी ते दार माझं होतं. माझा नवरा व्हर्लिन जानेवारीत गेला. मार्च संपता संपता एका सकाळी दार उघडलं, तर पायरीवर बर्फाचा डबा. मी दोन महिने धड काही रांधलं नव्हतं. त्या दिवशी मक्याच्या पिठात घोळवून मासा तळला आणि एकटीने टेबलाशी बसून पोटभर जेवले. दुसऱ्या पहाटे हर्शेल आला, घोट घेतला आणि म्हणाला, "कॉफी पातळ आहे." मी शॅडच्या टाकीमागे जाऊन रडले. शॅड म्हणजे स्ट्रायपरला लावायची चिमुकली चंदेरी मासळी. गोल टाकीत ठेवावी लागते, चौकोनी टाकीत कोपऱ्यात नाकं आपटून मरते. तर त्या गोल टाकीमागे मी रडले, आणि त्या माणसाचे आभार मानायचे राहिले ते राहिलेच.

गेल्या डिसेंबरात हर्शेलला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालायची वेळ आली, आणि जीभ अशी जड झाली की एकेक शब्द ढकलून बाहेर काढावा लागे. डॉक्टरांनी हातात काठी दिली. घरातल्या घरात, भिंतीला धरून, तो ती वापरायचा. पण कुणी आलं की काठी सोफ्यामागे. काठीवाल्या हर्शेलला बघायचा मान गावात कुणाला मिळाला नाही. त्याला आंघोळ घालण्यापासून चमच्याने भरवण्यापर्यंत सगळं ओलीटाने केलं. तो चिडून ताट ढकलायचा, ती जमीन पुसायची. मी गेले की म्हणायची, "बरा आहे गं आज," आणि तिच्या डोळ्यांखाली काळं झालेलं असायचं.

मार्चमध्ये तिने माझ्या हातात एक पुठ्ठा दिला. डाव्या हाताने लिहिलेली वाकडीतिकडी अक्षरं होती: बोट विकणे आहे.

"तुझ्या काचेवर लाव म्हणाला," ओलीटा म्हणाली.

मी तो बर्फाच्या फ्रीजरमागे टाकला. तिसऱ्या दिवशी त्याने दुसरा लिहून पाठवला, आणि एक तिसरा बोटीवरच लावायला सांगितला. डॅलसच्या एका माणसाने तो पाहिला. शनिवारी येतो म्हणाला.

गुरुवारी सकाळी ओलीटा दुकानात आली. "वांडा, तू बोट चालवतेस ना?"

"चालवते. का?"

"त्याला एकदा नेऊ या. नंतर खुशाल विकू दे. बोट गेली ना, तर तो त्या खुर्चीतून उठायचा नाही. मी ओळखते त्याला."

"नेऊ या म्हणजे? कोण कोण?"

"मी पण येते," ती म्हणाली.

हे ऐकून मी खाली बसले. ओलीटा लहानपणी ओढ्याच्या लोंढ्यात वाहून जाता जाता वाचली होती. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, पण नवऱ्याची बोट पाण्यात असताना तिने तिच्यात पाऊल ठेवलं नव्हतं. धक्क्यावर उभी राहून हात हलवायची, तेसुद्धा कठड्याला धरून. आणि हर्शेलने चव्वेचाळीस वर्षांत एकदाही "चल" म्हणून तिला छळलं नव्हतं.

तो निघाला तो माझ्या खांद्याला धरून. "काठी घे," ओलीटा म्हणाली. त्याने मान फिरवली. तिने काठी उचलून स्वतःच्या काखेत मारली. लाइफ जॅकेट तिने असं आवळलं होतं की मला वाटलं, पाण्याआधी हिला हेच मारणार. बोटीत बसली, दोन्ही हातांनी बाक धरला आणि डोळे मिटून घेतले.

"उघड की डोळे," मी म्हटलं.

"तू तुझं चालव."

रेडबड फुललेले होते. पाणी शांत होतं. मी त्याच्यासाठी डाव्या हाताने फिरवायची चरखी लावलेला रॉड आणला होता, त्याने तो पाहिला न पाहिल्यासारखा केला. पुढच्या बाकावर पाठमोरा बसून राहिला. अर्धा तास गेला आणि बेटाच्या पलीकडे कुरव पक्ष्यांचा घोळका दिसला. पाण्यावर झडप घालत होते, खाली पाणी उकळत होतं. स्ट्रायपरची झुंड शॅडला खालून वर रेटत होती. हर्शेलची मान ताठ झाली. डिसेंबरपासून मी त्याला असं बसलेलं पाहिलं नव्हतं.

ते पाहून माझं भान सुटलं. एकतीस वर्षं दर पाहुण्याला मी बजावत आलेय की पक्ष्यांच्या मध्ये इंजिन घालू नका, लांब थांबा, वाऱ्याने बोट वाहू द्या. आणि मी काय केलं? सरळ वेग वाढवला आणि बोट त्या घोळक्याच्या मधोमध नेऊन उभी केली.

पक्षी उडाले. पाणी सपाट झालं. एक शेपूट दिसेना.

शंभर हातांवर लॉनीची बोट होती. हा लॉनी पण हर्शेलसारखाच गिऱ्हाइकं नेणारा, तोंडाला लगाम नसलेला. तो ओरडला, "वांडा! अगं, मासे पकडायला आलीस की त्यांच्यावरून गाडी घालायला? उद्या आमिष कसं विकतेस, बघतोच!"

माझे कान तापले. हर्शेलने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. त्याच्या तोंडाचा डावा कोपरा हलला. हसला मेला! मग त्याने बाकाखाली हात घातला, चाचपलं, पुन्हा चाचपलं.

"दां... डा."

ओलीटाने एक डोळा उघडला. "कसला दांडा?"

"ठोकायचा दांडा, ओलीटा," मी म्हटलं. "केरसुणीचा. वाकडा."

"अय्या, तो?" तिचा चेहरा पडला. "परवा बोट काठावर ओढून धुतली ना, त्या शनिवारच्या माणसासाठी... मला वाटलं, मोडकी केरसुणी आहे. टाकून दिला मी."

हर्शेल पाण्याकडे बघत राहिला. त्याचे खांदे पुन्हा खाली यायला लागले. आता हा "घरी चला" म्हणणार, आणि शनिवारी बोट जाणार. ओलीटालाही तेच वाटलं असावं. तिने बाकावरचा एक हात सोडला, काखेतली काठी काढली आणि त्याच्यापुढे धरली.

हर्शेलने काठीकडे पाहिलं. मग डाव्या हाताने तिच्या हातातून घेतली आणि रबराचं टोक वर करून, काठीची मूठ बोटीच्या तळावर ठोकली. ठक ठक. थांबला. ठक.

"गरी," तो मला म्हणाला.

मी शॅड लावून गरी सोडली, रॉड खोबणीत अडकवला. तो ठोकत राहिला. ठक ठक, ठक. लॉनीने इंजिन बंद केलं. पलीकडच्या दोन बोटीही गप्प झाल्या. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. रॉडचं टोक एकदा हललं, दुसऱ्यांदा हललं आणि कमान होऊन थेट पाण्यात गेलं.

हर्शेलने काठी ओलीटाच्या मांडीवर टाकली. "तू... ठोक!" आणि रॉड ओढून उजव्या काखेत दाबला, डाव्या हाताने चरखी फिरवायला लागला. मी मदतीला पुढे झाले तर असा गुरकावला की मी मागे सरले. मासा खाली पळत होता, दोरा सुटत होता, हर्शेल दात-ओठ खात होता. आणि ओलीटा डोळे सताड उघडून काठी ठोकत होती. ठक ठक, ठक नाही हं, सरसकट ठकठकठकठक, चोर आल्यावर शेजाऱ्याचं दार बडवावं तशी, आणि वर ओरडत होती, "ओढ रे! सोडू नकोस! हर्शेल, सोडलास तर बघ!"

जाळ्यात घेतला तेव्हा आठ पौंडांच्या आत नव्हता. लॉनीने भोंगा वाजवला, मग बाकीच्यांनीही. हर्शेल बाकावर बसून धापा टाकत होता आणि रडत होता. मीही रडत होते. ओलीटा अजून ठोकतच होती.

"पुरे," हर्शेल म्हणाला.

काठावर मासे साफ करायच्या टेबलाशी चार-पाच जण जमले. मी डोकं धरलं, हर्शेलने डाव्या हाताने सुरी चालवली. वेळ लागला, तुकड्या वेड्यावाकड्या झाल्या, पण लाल मांस त्याने पुरतं काढलं. पिशवीत बर्फ घातला. ही सगळी तयारी कशाची, ते सगळ्यांना कळत होतं. लॉनीला राहवलं नाही. "बर्लकडे ना? वादळात बिचाऱ्याचं छप्पर गेलं."

हर्शेलने नकारार्थी मान हलवली. पिशवी मनगटात अडकवून, काठी टेकत, सगळ्यांच्या देखत, तो काठावरच्या बाकापाशी गेला. तिथे ओलीटा बसली होती, लाइफ जॅकेट अजून अंगात. त्याने पिशवी तिच्यापुढे धरली.

"तुझा," तो म्हणाला. मग शब्द जमवत, एकेक ढकलत, "हिवाळा... तुझा... वाईट... गेला."

ओलीटाने त्याच्याकडे पाहिलं. ओठ दाबून धरले. मग म्हणाली, "असा हातात देतात होय? दारात ठेवायचा असतो. कुणी बघायचं नसतं. बाप काय म्हणेल तुझा वर बसून?"

हर्शेलने विचार केला. पिशवी परत घेतली.

त्यांचं घर माझ्या दुकानाच्या वर, चढावर. ओलीटाला मी दुकानात नेऊन खिडकीकडे पाठ करून बसवलं आणि कॉफी दिली. बाहेर हर्शेल निघाला, पिशवी गळ्यात अडकवलेली, काठी डाव्या हातात. बोटीपाशी थांबून त्याने पुठ्ठ्यावर काठी टोचली आणि माझ्याकडे पाहिलं. मी जाऊन पुठ्ठा फाडला. मग तो चढ चढला. मध्ये तीनदा उभा राहिला. कुणी मदतीला गेलं नाही, लॉनीसुद्धा नाही.

"पोचला का?" ओलीटा विचारायची.

"गप्प बस. बघायचं नसतं."

तो दारामागे दिसेनासा झाल्यावर मी म्हटलं, "जा आता." ती गेली. मी टाकीतलं पाणी बदलायला घेतलं. पाच मिनिटांनी फोन वाजला.

"वांडा," ओलीटाचा आवाज नीट निघत नव्हता, "अगं, आमच्या दारात कुणीतरी मासा ठेवून गेलंय."

"हो का?" मी म्हटलं. "कोण बरं असेल?"