कडेवरचं घर की बोट धरलेलं?

निर्णय न घेण्यात माझ्या साडूंचा हात धरणारा माणूस अख्ख्या सिंगापुरात सापडणार नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. ज्या गृहस्थाच्या नावावर साधी सायकल नाही, त्याला गेली तीन वर्षं एकच प्रश्न छळतोय: पिकअप ट्रकच्या हौद्यात बसवलेली खोली घ्यावी, की गाडीच्या मागे जोडून ओढत न्यायची छोटी खोली घ्यावी? पहिलीला म्हणतात ट्रक कॅम्पर, दुसरीला ट्रेलर. साडूंनी मात्र पहिलीचं नाव ठेवलं ‘कडेवरचं घर’ आणि दुसरीचं ‘बोट धरलेलं घर’. मी हे प्रथम ऐकलं तेव्हा, घरात नातवंड येणार आहे असं समजून अभिनंदन करून मोकळा झालो होतो. त्यांची कॉलेजातली मुलगी कपाळावर हात मारून अस्सल सिंगापुरी थाटात म्हणाली, “काका, वी डोन्ट ईव्हन हॅव अ कार, लाह!”

बेत असा होता की, ताईंनी, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीने, डिसेंबरात बँकेतली नोकरी सोडायची, दोघांनी न्यूझीलंडला जाऊन यांपैकी एक घर विकत घ्यायचं, वर्षभर भटकायचं आणि घर विकून परत यायचं. गाडी साडू चालवणार होते. ताईंनी राजीनामा देऊनही टाकला. “या डिसेंबरात निघालो नाही, तर मग आम्ही कधीच निघत नाही,” असं त्या माझ्या बायकोला फोनवर म्हणाल्या. पण घर ठरल्याशिवाय तिकिटं काढायची नाहीत, असा साडूंचा दंडक होता आणि घर काही केल्या ठरत नव्हतं.

पाया लेबार भागातल्या ऑफिसात हा माणूस दुसऱ्यांचे हिशेब तपासतो, त्यामुळे तपासल्याशिवाय काही मान्य करायचं नाही ही सवय हाडात मुरलेली. हौगांगच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये मी एका रविवारी गेलो आणि दारातच थिजलो. हॉलमधलं सगळं फर्निचर भिंतीला, आणि फरशीवर रंगीत चिकटपट्ट्यांनी खऱ्या मापाची दोन घरं आखलेली. निळी पट्टी कॅम्परची, पिवळी ट्रेलरची. मी चपला काढून सरळ सोफ्याकडे निघालो, तर साडू ओरडले, “अहो, भिंतीतून काय येताय? दार तिकडे आहे!” दार म्हणजे पट्टीत सोडलेली दोन फुटांची फट, आणि तिच्यापुढे ताईंनी काढलेली चिमुकली रांगोळी. पोहे मला ‘बाहेर’ बसून खावे लागले, कारण कॅम्परमध्ये दोघांचीच सोय होती. त्यात देवघराचा निराळाच घोळ. देवांचं तोंड पूर्वेला ठेवलं तरी गाडी वळली की देवही वळणार. यावर साडूंनी देवघर फिरत्या पाटावर ठेवायचं ठरवलं आणि प्रत्येक वळणावर ते फिरवायचं काम ताईंवर सोपवलं. ताई म्हणाल्या, “आणि घाटात? घाटात मी देवांना काय गरगर फिरवू?”

त्याहून कहर झाला तो जूनमध्ये. भर दुपारी गेलो, तर साडू जेवणाच्या टेबलावर उताणे, डोळे मिटलेले, हात छातीवर. माझ्या काळजात धस्स झालं. मी ताईंना हाक मारणार होतो. तेवढ्यात टेबलावरूनच आवाज आला, “कडेवरच्या घरात पलंग ड्रायव्हरच्या डोक्यावर असतो. उंची सोसते का बघतोय.” मी खुर्चीत बसलो आणि घटाघटा पाणी प्यायलो.

पण खरा धक्का बसला तो गेल्या रविवारी. ताई बाजारात गेल्या होत्या. साडू चहाचे दोन कप घेऊन स्वयंपाकघरातून निघाले आणि पिवळ्या पट्टीवर पाय देऊन थेट भिंतीतून आत आले! मी आनंदाने जवळजवळ उडालोच. “सापडलात, भावोजी! भिंतीतून आलात!”

ते थांबले. मान खाली घालून डावीकडे, उजवीकडे शोधत राहिले. मग हळूच म्हणाले, “कुठे आहे हो भिंत?”

मला आधी ती थट्टाच वाटली. ते मात्र अजून पट्टी शोधतच होते. मी उठून कप त्यांच्या हातातून घेतले.

“काचबिंदू आहे,” ते म्हणाले. “समोरचं तेवढं दिसतं, नळीतून पाहिल्यासारखं. बाजूचं गेलंय. गाडी चालवायची नाही, असं डॉक्टर म्हणालेत.”

“ताईंना माहीत आहे?”

“नाही. गाडी ती चालवील हो, माझ्यापेक्षा बरी चालवते. पण ट्रेलर मागे घेताना मागे उभं राहून दोन्ही बाजू बघणारा माणूस लागतो. आणि कॅम्पर घेतला तर काळोखात शिडी चढून पलंगावर जाणारा. मी दोन्हींत बसत नाही.”

“अहो, मग ही तीन वर्षं…”

“तीन वर्षं खरीच निवडत होतो. हे शेवटचे तीन महिने नुसता वेळ काढतोय.”

मी दाराकडे पाहिलं तर ताई भाजीची ट्रॉली धरून उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलेलं होतं. त्या रडतील, चिडतील, अशी मी मनाची तयारी केली. त्या म्हणाल्या, “दर दोन दिवसांनी दाराच्या चौकटीवर खांदा आपटताय, मला काय कळत नाही? तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते.”

मग ट्रॉलीतली भाजी ओट्यावर काढून त्या परत आल्या आणि साडूंना हॉलच्या टोकाला उभं केलं.

“ट्रेलर घ्यायचा. शिडीची भानगडच नको. आता माझ्या मागे उभे राहा.”

“अगं, मला बाजू दिसत नाहीत.”

“बाजू मी आरशात बघीन. तुम्ही नुसतं ‘येऊ दे’ म्हणा. मी आवाजावर घेईन.”

त्यांनी रिकामी ट्रॉली ट्रेलरसारखी मागे धरली, मान वळवली नाही आणि एकेक पाऊल मागे यायला लागल्या. साडू घसा खाकरून म्हणाले, “येऊ दे.” मग पुन्हा, जरा मोठ्यांदा, “येऊ दे, येऊ दे.” मी सोफ्यावर बसून फरशीकडे बघत राहिलो. डोळे भरून आले होते, लपवायचं कारण नाही. ट्रॉली येऊन त्यांच्या गुडघ्यांना टेकली, ताई थांबल्या, तरी ते म्हणतच होते, “येऊ दे.”