टाकं नंबर दोन

मी कोणतीही गोष्ट मोजल्याशिवाय मानत नाही. त्यामुळे आयुष्यात मी फार बारकाईने चुकलो आहे.

दोन हजार सालाच्या आसपास हिंगणीत आमच्या घरामागे सिमेंटची दोन टाकी होती आणि त्यांत रोहू मासे. आदल्या हिवाळ्यात अंगावर लाल चट्टे येऊन निम्मे मेले. (एकूण चौऱ्याहत्तर. मोजले!) बायको सुशीला शेडमध्ये कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, पिशव्यांत अळिंबी पिकवायची. तिने बजावलं, "औंदा मासोळ्या मेल्या, तर दोन्ही टाके माहे. कुटार भिजवाले पाहिजे मले!"

तेवढ्यात कुणी सांगितलं, अळिंबीची टाकाऊ देठं वाळवून, कुटून खाद्यात घाला. मासे धडधाकट राहतात. सांगोवांगी मानणारा मी नव्हे! एक नंबरच्या टाक्याला कोंडा, ढेप (म्हणजे पेंड) आणि देठांची पूड. दोन नंबरला नुसता कोंडा-ढेप. दर रविवारी प्रत्येक टाक्यातले दहा मासे ओल्या फडक्यात धरून तोलायचो. (एक रोहू माझ्याकडे फार रागाने बघायचा.)

तीन महिने झाले. चट्टा एकावरही नाही! वजनं वाढलेली! पण दोन्ही टाक्यांत अगदी सारखी!

नियम म्हणजे नियम. वहीत लिहिलं, 'पूड निरुपयोगी', आणि उरलेली दोन पोती पूड उकिरड्यावर ओतून आलो.

संध्याकाळी सुशीला पूड शोधत आली. "काऊन जी, पोते कुठी गेले?"

"फेकले. दोन नंबरले पूड न देताही मासे तेवढेच वाढले."

"न देता? मी देत होती ना रोज! तुमी कामावर जावाले वर्धेच्या बसमंधी बसले का लगेच."

"अवं, पण काऊन?"

"बाप्पा! एका पंगतीत बसवाचं, अन् अर्ध्यायले वाढाचं, अर्ध्यायले नाई? आमच्या माहेरी असं नसते. बिचाऱ्या कशा तोंड वर करून पाहेत!"

मी फावडं घेऊन उकिरड्याकडे धावलो. तिथे शेजाऱ्यांची म्हैस माझ्या निष्कर्षावर ऐसपैस बसली होती.

जेवताना सगळ्यांच्या ताटात अळिंबीची भाजी. माझ्या ताटात भाकर आणि मीठ.

"अन् माही भाजी?"

"तुमी टाकं नंबर दोन. पंधरा दिसानं वजन करू!"

मुलगी खिदळली, "पण आई, बाबाले फडक्यात कसं धराचं व?"

पंधरा दिवसांनी मी दीड किलो घटलो. वहीत प्रामाणिकपणे नोंद केली: 'या वेळी टाकं नंबर दोनला कोणीही चोरून काही वाढलं नाही.'

माझा बिनचूक पार पडलेला हा एकमेव प्रयोग!