अंगठ्यासकट

आमच्या श्रीवर्धनच्या कॉलेजचा इतिहास जमवायला मी स्कॅनर, पांढरे हातमोजे आणि स्वतःच केलेले नियम घेऊन घरोघर फिरत होते. सुपारी सोलत बसलेल्या एका खालांकडे पहिल्या तुकडीचा फोटो निघाला. त्यात आखातात वारलेला त्यांचा भाऊ होता.

"फोटो काचेवर ठेवा, खाला, आणि हात काढा."

"नाय सोडणार, बाय. मागं एकानं असाच नेला, तो परत आलाच नाय. भावाचा हा एकच उरलाय."

मी नियम समजावले. फोटोच्या कडेवरचा त्यांचा अंगठा हलला नाही. शेवटी अंगठ्यासकट स्कॅन केलं. नंतर संगणकावर तो कापायला गेले, तर भावाचा खांदाही जात होता.

प्रदर्शनात माझ्या सरळ कडांच्या फोटोंपुढे कुणी थांबेना. गर्दी त्या अंगठ्यापुढे, आणि खाला ऐटीत सांगत होत्या, "मी धरून ठेवला, म्हणून इथवर आला."